अंथरुणातून उठण्याचे शास्त्र

आजारी माणसाने स्वस्थ पडून राहावे, ही समजूत घरोघरी इतकी रुजलेली आहे की तिच्याविषयी शंका घेणेही निष्ठुरपणाचे वाटते. परंतु विश्रांतीलाही औषधाप्रमाणे मात्रा असते. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे बिछान्यावर निजवून ठेवण्यात आले. तेवढ्याने त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्यांचीच पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वाढत्या वयाने तीस वर्षांत केलेली हानी त्या तीन आठवड्यांतील हानीपेक्षा कमीच भरली!

मग कोविडने ग्रासलेल्या, कृत्रिम श्वसनयंत्रावर पडून राहिलेल्या रुग्णाची अवस्था काय होत असेल? शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून खर्ची घालते. श्वासपटलही त्यातून सुटत नाही. पायांतील रक्तप्रवाह मंदावून गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. ज्वर उतरल्यावरही रुग्ण उभा राहताच त्यास भोवळ येते, ती याच कारणाने की उभे राहताना रक्तदाब सांभाळण्याची सवय शरीर विसरलेले असते.

श्वसनयंत्रावरील १०४ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आरंभापासूनच व्यायाम दिला, त्यांपैकी ५९ टक्के रुग्ण रुग्णालय सोडताना आपली नित्यकर्मे स्वतः करू शकत होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. प्रारंभ अगदी साधा असतो: निजल्या निजल्या घोटे हलविणे, मग पाय खाली सोडून खाटेच्या कडेवर बसणे, मग आधाराने उभे राहणे, आणि नंतर खुर्चीपर्यंतची चार पावले. दम लागला तरी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण वैद्यांनी सांगितलेल्या मर्यादेखाली गेले, छातीत दुखले अथवा घेरी आली, तर तत्काळ थांबावे.

मात्र अधिक म्हणजे उत्तम, असेही नव्हे. सहा देशांतील ७५० रुग्णांवरील २०२२ सालच्या प्रयोगात नेहमीपेक्षा वाढीव हालचालीने लाभ तर दिसला नाहीच, उलट हृदयाचे ठोके अनियमित होणे, रक्तदाब बिघडणे असे अपाय वाढले. घरी परतलेल्या काही रुग्णांस तर थोड्या श्रमाचा शीण दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी गाठतो. अशांना रोज चार पावले वाढविण्याचा नियम लावणे चुकीचे होय. त्यांनी श्रमाआधीच विसावा घ्यावा, अंघोळीसारखे काम बसून करावे आणि आजच्या चालण्याची मात्रा कालच्या शिणावरून ठरवावी.