आम्ल, आम्लारी आणि सामू : द्राक्षमळ्यातील एक धडा



आम्लात निळा लिटमस तांबडा होतो आणि आम्लारीत तांबडा लिटमस निळा होतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. परंतु पाठ असलेले वेळेवर वापरता आले, तरच ते ज्ञान. आपल्या जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलींवर निळसर फवारा मारतात. या फवाऱ्यात हा सारा धडा सामावलेला आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील अशा मळ्यांतून राबतात, म्हणून आम्ही हेच उदाहरण घेतले आहे.

प्रथम व्याख्या पाहू. पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल व हायड्रॉक्साईड आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्लारी. लिंबू, चिंच, दही यांत आम्ले असतात. चुन्याची निवळी आम्लारीधर्मी असते. दोन्ही एकत्र आली की क्षार व पाणी तयार होते आणि उष्णता बाहेर पडते. यास उदासिनीकरण म्हणतात.

आम्लता किती, हे सांगणारा आकडा म्हणजे सामू, अर्थात पीएच. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी सुचविली. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २, तर चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट वाढते. म्हणजे सामू ४ पेक्षा सामू २ चे द्रावण दुप्पट नव्हे, तर शंभरपट आम्ल असते.

आता मळ्यात जाऊ. द्राक्षावरील केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण वापरतात. फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुनकळी व १०० लिटर पाणी घेतात. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते. ते एकटेच फवारले तर त्यातील मोकळे तांबे कोवळी पाने करपवते. चुन्यामुळे आम्लता नाहीशी होते व तांब्याचे न विरघळणारे निळसर संयुग बनते. ते पानाला चिकटून राहते आणि हळूहळू काम करते.

पण चुना जुना वा भेसळीचा असेल, तर वजन बरोबर असूनही आम्लता उरते. म्हणून परीक्षा करावी लागते. निळा लिटमस तांबडा झाला, किंवा घासून लख्ख केलेला लोखंडी विळा मिश्रणात थोडा वेळ धरल्यावर त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे. थोडी निवळी घालून पुन्हा पाहावे. याच कारणाने हे मिश्रण लोखंडी भांड्यात करीत नाहीत. प्लॅस्टिकची किंवा लाकडी भांडी घेतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. चुनकळी विझवताना पाणी उकळते व शिंतोडे उडतात. चुना डोळ्यात गेला, तर "आम्लारीवर आम्ल" असे म्हणून लिंबू पिळण्याचा विचार एखाद्या हुशार मुलाच्याच मनात येईल! तसे कदापि करू नये. त्याने डोळ्याला दुसरी इजा होते. स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा किमान २० मिनिटे धुवावा, चुन्याचे कण धुऊन काढावेत व ताबडतोब दवाखाना गाठावा. अर्धवट ज्ञान अज्ञानाहून घातक ठरते, ते असे.

शेवटी घरचा एक प्रयोग. हळदीच्या पाण्यात टीपकागद भिजवून वाळवा. त्यावर मोठ्यांच्या देखरेखीखाली चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. डाग तांबडा होईल. लिंबाच्या थेंबाने तो परत पिवळा होईल. मात्र साध्या पाण्यातही हा कागद पिवळाच राहतो. म्हणजे हळद आम्लारी ओळखते, आम्ल ओळखत नाही. साधन काय सांगते आणि काय सांगत नाही, हे दोन्ही जाणणे म्हणजे विज्ञान. कोणी सांगितले म्हणून मानू नका; कागद बुडवा, स्वतः पाहा आणि मग माना, एवढेच आमचे सांगणे आहे.