समुद्रकाकडीला जागा किती लागते?

समुद्रकाकडी म्हटलं की आपल्याला कोशिंबीर आठवते. पण मित्रांनो, ही काकडी वेलीला लागत नाही! हा तारामाशाच्या नात्यातला, समुद्रतळाशी राहणारा मऊ, लांबट प्राणी आहे. चीनमध्ये तो वाळवून मेजवानीत खातात आणि त्याला भावही चांगला मिळतो.

यातल्या सँडफिश जातीची पिल्लं हॅचरीत तयार करणं जगात प्रथम जमलं ते १९८८ मध्ये, आपल्या तुतिकोरीनला. पुढे २००१ मध्ये भारताने समुद्रकाकड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण दिलं. शेती वाढली ती दुसरीकडे. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कोळी कुटुंबं उथळ पाण्यात जाळीची कुंपणं घालतात, साधारण १५ ग्रॅमची पिल्लं सोडतात आणि ती ३५० ग्रॅमच्या आसपास झाली की विकतात.

आता प्रश्न असा, की त्याच कुंपणात दुप्पट पिल्लं सोडली तर उत्पन्न दुप्पट का होत नाही?

कारण इथे वरून खाद्य टाकत नाहीत. समुद्रकाकडी वाळू गिळते, त्यातलं सूक्ष्म शेवाळ, जिवाणू आणि कुजके कण पचवते आणि वाळू परत बाहेर टाकते. म्हणजे जागा हेच तिचं ताट. मेसमध्ये ताटं वाढवली म्हणून भाजी वाढत नाही, तसंच हे!

सॉलोमन बेटांवर टाक्यांमध्ये केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की चौरस मीटरला २२५ ग्रॅमच्या वर वजन गेलं की पिल्लांची वाढ मंदावते. वाळू सकस असेल तिथे हा आकडा बराच वाढतो; पण हिशोब समजण्यासाठी तोच घेऊ.

१०० चौरस मीटरचं कुंपण म्हणजे एकूण साडेबावीस किलो. १५ ग्रॅमची १५०० पिल्लं त्यात आरामात मावतात. पण ३५० ग्रॅमच्या समुद्रकाकड्या? फक्त ६४! समजा आपण २०० सोडल्या. सरासरी वजन ११२ ग्रॅम झालं, की वाढ अडली. एकूण वजन तेवढंच, पण विकण्याजोगी एकही नाही. चोरांपासून महिनोन्महिने रात्री राखण करणाऱ्या कुटुंबाच्या हाती मग काय पडणार?

म्हणून घनता नगांत नाही, ग्रॅममध्ये मोजायची. लहानपणी पिल्लं दाट ठेवली तरी चालतं. पुढे ती मोठ्या कुंपणात विरळ करावी लागतात. मोठ्या झालेल्या वेळेवर काढल्या की मागे राहिलेल्यांना खायला मिळतं. ही पाहणी बहुधा मोठ्या ओहोटीच्या रात्री होते, कारण दिवसा त्या वाळूत दडून बसतात.

थोडक्यात काय, तर हिशोब शेवटापासून सुरू करायचा. विकताना वजन किती हवं ते आधी ठरवायचं आणि मगच किती पिल्लं सोडायची ते!