माळरानाची पाठशाळा

निसर्गसंपत्तीचे रक्षण हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे काय, असे विद्यार्थी आम्हांस विचारतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या विद्यापीठाकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. १९३३ मध्ये आल्डो लिओपोल्ड तेथे वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. मॅडिसन शहरानजीकच्या एका जुन्या शेतजमिनीवर पूर्वीचे गवताळ रान पुन्हा उभे करण्याचा उद्योग विद्यापीठाने १९३५ मध्ये आरंभिला.

बी पेरले, रोपे लावली. पण बाहेरून आलेले गवत हटेना. १९४० नंतरच्या दशकात प्रा. जॉन कर्टिस यांनी प्रयोगाने दाखविले की, योग्य वेळी विचारपूर्वक आग लावल्यास ते गवत मागे पडते आणि खोल मुळांच्या मूळच्या वनस्पती जोम धरतात. आग ही सदैव शत्रूच, हा समज तेथे खोटा ठरला! मात्र हा नियम त्या माळाचा आहे. सह्याद्रीच्या दाट रानाला तो लावू गेल्यास अनर्थच ओढवेल. म्हणून आधी स्थळाचा अभ्यास, मागाहून उपाय; हेच या शास्त्राचे मर्म होय.

त्या माळाची निगा आजही चालूच आहे. भूमी नासण्यास थोडी वर्षे पुरतात. सावरण्यास पिढ्या लागतात. आपण ज्याला ओसाड म्हणतो, त्या गावच्या माळावर पावसाळ्यात किती जातींचे गवत उगवते, हे आपण कधी मोजले आहे काय? या विषयाची आवड असणाऱ्याने आरंभ तेथूनच करावा.