मताधिकार आणि आजचा तरुण

रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही कोणताही विषय घेतला तरी चर्चेच्या ओघात तरुण मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. "राजकारण म्हणजे चिखल. आपण शिकावे, नोकरी मिळवावी, आईवडिलांना चार सुखाचे दिवस दाखवावेत. मत दिले काय आणि न दिले काय, आपल्या वस्तीत काय फरक पडणार?" हा प्रश्न विचारणारी मुले वाईट नाहीत आणि आळशीही नाहीत. निवडणूक आली की वस्तीत गाड्या येतात, हात जोडले जातात, आणि निकाल लागला की पाच वर्षे कोणी फिरकत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. "तसे बोलू नये" एवढे सांगून त्यांचे समाधान होणार नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा अधिकार आपणास कसा मिळाला?

आज वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की कोणीही मतदार होऊ शकतो. त्यामुळे हा अधिकार जणू जन्माबरोबरच मिळतो असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. इंग्रजी अमदानीत मताचा अधिकार मालमत्ता, शेतसारा, कर किंवा शिक्षण अशा अटींवर अवलंबून असे. ज्याला जमीन नाही, घर नाही, शाळेचा उंबरठाही ज्याने ओलांडलेला नाही, तो मतदार नाही. साहजिकच गावकुसाबाहेरचा जवळजवळ सगळा समाज मतदार यादीच्याही बाहेर होता.

२७ जानेवारी १९१९ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. मताधिकाराच्या अटी खाली आणाव्यात आणि अस्पृश्यांना त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी मिळावेत, अशी मागणी त्यांनी केली. त्या वेळी बाबासाहेब अवघे २७ वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. आमच्या अभ्यासवर्गात बसणाऱ्या कित्येक तरुणांपेक्षा ते वयाने फार मोठे नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात २१ वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना मत असावे असे त्यांनी आग्रहाने सांगितले. अडाणी माणसाला मत देऊन काय उपयोग, असा आक्षेप त्या काळी मोठमोठे विद्वान घेत असत. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर स्पष्ट होते. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतोच असे नाही, आणि साक्षर माणूस शहाणा असतोच असेही नाही. ज्या समाजात आपण राहतो त्या समाजाचे नियम कसे असावेत हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे मताधिकार, असा अर्थ त्यांनी लावला होता. मग जो त्या नियमांखाली भरडला जातो, त्यालाच हा अधिकार नको काय?

अखेर भारतीय संविधानाच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणांवरून कोणासही मतदार यादीबाहेर ठेवता येणार नाही, हे कलम ३२५ ने ठरविले. तेव्हा वयाची अट २१ वर्षे होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १८ वर आणली आणि ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. म्हणजे अठराव्या वर्षाचा हा अधिकार खास तरुणांसाठी संसदेने विचारपूर्वक वाढवून दिलेला आहे.

नुसता अधिकार पुरत नाही

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात १७ कोटींहून अधिक मतदार होते. परंतु यादी तयार होत असताना कित्येक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख त्यांनी दिली. नाव नसेल तर नोंद नाही असा नियम असल्याने सुमारे २८ लाख स्त्रियांना यादीतून वगळावे लागले. अधिकार होता, पण स्वतःच्या नावाने उभे राहण्याची सवयच समाजाने त्यांना लावलेली नव्हती.

त्याच निवडणुकीतील दुसरी गोष्ट आपल्या काळजाला अधिक लागणारी आहे. बाबासाहेब मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून उभे होते. या मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन खासदार निवडावयाचे होते. प्रत्येक मतदाराला दोन मते होती व प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतील एक बाद होई. या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मते मोजणीत बाद ठरली. बाबासाहेब हरले ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी. बाद झालेली मते सगळी त्यांचीच होती असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांनी संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्यांच्याच निवडणुकीत एवढ्या मतांची माती व्हावी, यावरून एक धडा घ्यावाच लागतो. अधिकार मिळविणे हे पहिले काम, आणि तो नीट वापरण्याचे ज्ञान मिळविणे हे दुसरे काम. पहिले काम आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने केले. दुसरे आपल्याकडे आहे.

संघाची शिकवण

मत घेऊन निर्णय करण्याची पद्धत पश्चिमेकडून आली, असे आपण समजतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हा गैरसमज दूर केला. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम बौद्ध भिक्खू संघाला माहीत होते, असे त्यांनी सभागृहाला सांगितले.

विनयपिटकातील चुल्लवग्गात याचा तपशील सापडतो. संघात वाद मिटेना तेव्हा शलाका म्हणजे लाकडी काड्या वाटून बहुमत घेत. काड्या वाटणारा भिक्खू कसा असावा याचेही नियम होते. जो छंद, दोस, मोह आणि भय यांच्या आहारी जात नाही आणि कोणाचे मत घेतले, कोणाचे राहिले हे जो जाणतो, त्यालाच हे काम द्यावे असे सांगितले आहे. या चार गोष्टींना पालीमध्ये अगति, म्हणजे आडवाटेने जाणे, असे म्हणतात. सिगालोवाद सुत्तात गृहस्थांनाही याच चार अगति टाळण्यास सांगितले आहे. हा नियम आजच्या मतदाराने स्वतःला लावून पाहावा.

छंद म्हणजे आवडीपोटी केलेला पक्षपात. उमेदवार आमच्या नात्यातला, आमच्या गल्लीतला; किंवा त्याने मंडळाला खुर्च्या दिल्या, रात्री पाकीट पाठविले, म्हणून मत देणे हा छंद होय. पैसे घेऊन मत देणे हा कायद्याने गुन्हा आहेच. पण त्याहून मोठी हानी अशी, की एकदा पाकीट घेतले म्हणजे पुढील पाच वर्षे त्या माणसाला जाब विचारण्याचे तोंड राहत नाही.

दोस म्हणजे द्वेष. अमुक जातीचा किंवा धर्माचा माणूस पडावा एवढ्यासाठी दुसऱ्याला मत देणे. आपल्यातीलच एका गटाचा उमेदवार पडावा म्हणून दुसऱ्या गटाने राबणे हाही द्वेषच. या द्वेषाने आपल्या समाजाचे किती नुकसान केले, ते वाचकांना वेगळे सांगावयास नको.

मोह म्हणजे अज्ञान. पूर्वी अफवा चावडीवर पसरत असत, आता त्या मोबाइलवर पसरतात. आलेला मजकूर खरा की खोटा हे न पाहता चार जणांना पाठविणारा तरुण पदवीधर असला तरी मोहातच आहे. ऐकीव गोष्टीवर केवळ ऐकीव म्हणून विश्वास ठेवू नका, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण निवडणुकीच्या काळात फार उपयोगी पडते.

भय तर सर्वांना ठाऊक आहे. गावातील बडी असामी रागावेल, काम जाईल, पाणी बंद होईल. या भयावरच गुप्त मतदानाचा उपाय आहे. आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणीही आपल्यावर करू शकत नाही, असे कायदा सांगतो.

आधी शिक्षण की आधी राजकारण?

पालकांची एक शंका रास्त आहे. मुलगा राजकारणात गेला तर त्याचे शिक्षण बुडेल, झेंडे लावण्यात आणि घोषणा देण्यात उमेदीची वर्षे जातील. असे झालेले तरुण आम्हीही पाहिले आहेत. त्यांच्या जिवावर पुढारी मोठे झाले आणि ते मात्र चौकात राहिले. परंतु याला राजकारणातला रस म्हणता येत नाही, ही चाकरी झाली. १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीचा मार्ग अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेतो, असा इशारा दिला होता.

त्यांना अभिप्रेत असलेले राजकारण अभ्यासाचे होते. म्हणूनच १९५६ साली, महापरिनिर्वाणाच्या काही महिने आधी, राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी मुंबईत एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. तेव्हा शिक्षण आणि राजकारण यांत एक निवडावे लागते, हा समजच चुकीचा आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळते की नाही, वसतिगृहात जागा किती, नोकरभरती कधी निघते, वस्तीत नळ येतो की नाही, हे सारे निर्णय कोणीतरी निवडून आलेलाच घेत असतो. तुम्ही राजकारणात रस घेतला नाही म्हणून राजकारण तुमच्या घरात यायचे थांबत नाही. तुमच्या वाट्याचा निर्णय दुसरा कोणी घेतो एवढेच.

एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी २००८ ची राजस्थान विधानसभेची निवडणूक आठवावी. नाथद्वारा मतदारसंघात एक मोठा उमेदवार अवघ्या एका मताने पराभूत झाला. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. एवढी माणसे आमच्या एका चाळीत राहतात.

आता करावयाचे काय?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशात जवळजवळ ९७ कोटी मतदारांची नोंद होती. त्यांत १८-१९ वयोगटातील मतदार सुमारे १ कोटी ८० लाख होते. या वयाची देशातील मुले-मुली त्याच्या दुपटीहून अधिक आहेत. म्हणजे अर्ध्याहून अधिक मुले यादीतच आली नव्हती.

हे आकडे आम्हाला परके वाटत नाहीत. एका निवडणुकीच्या दिवशी आमच्या वस्तीतील पाच मुले केंद्रावरून हात हलवीत परत आली. यादीत नावच नव्हते. आपली नावे मुद्दाम कापली, असे म्हणून ती संतापली. चौकशी केली तेव्हा कळले की दोघांनी कधी अर्जच भरला नव्हता, आणि तिघांच्या घरच्यांनी भाड्याची खोली बदलली तरी पत्ता बदलून घेतला नव्हता. आम्ही जयंतीची वर्गणी मागायला त्या प्रत्येक घरी गेलो होतो. पण नाव नोंदविले काय, हे एकाही घरी विचारले नव्हते. ही चूक त्या मुलांची जेवढी, तेवढीच आमची. म्हणून पुढील गोष्टी आम्ही विद्यार्थ्यांना आणि सभासदांना सुचवितो.

पहिली गोष्ट, नाव नोंदवावे. नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षातील चार तारखा आता वयासाठी धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. निवडणूक तोंडावर आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्यांनी एकाच ठिकाणी नाव ठेवावे.

दुसरी गोष्ट, उमेदवाराचे शपथपत्र वाचावे. त्याच्यावरील गुन्हे, त्याची मालमत्ता, त्याचे शिक्षण ही माहिती देणे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयानंतर बंधनकारक झाले आहे. चार जणांनी विहारात बसून ती मोठ्याने वाचली तर शिक्षण न मिळालेल्या आईबापांनाही ती कळेल. कोणीच योग्य वाटला नाही तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय २०१३ पासून उपलब्ध आहे. मात्र त्याला कितीही मते पडली तरी लोकसभा-विधानसभेत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणाराच निवडून येतो, हे जाणूनच तो वापरावा.

तिसरी गोष्ट, मत दिल्यावर काम संपले असे समजू नये. वज्जी लोक जोवर वारंवार एकत्र जमतील आणि एकोप्याने कामे करतील तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितले होते. आपल्या गावची ग्रामसभा हे असे जमण्याचे ठिकाण आहे. तेथे आपली मुले-मुली किती जातात? पंचायतीच्या निवडणुकीस २१ व्या वर्षी आणि विधानसभा-लोकसभेस २५ व्या वर्षी उभे राहता येते. त्याची तयारी ग्रामसभेत प्रश्न विचारण्यापासून होते.

तरुणांनी कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगणे आमचे काम नाही, आणि आम्ही सांगितले तरी त्यांनी तेवढ्यावर ते मानू नये. मत ज्याचे त्याने, चार अगति टाळून, माहिती घेऊन ठरवावे. ज्यांना हा अधिकार मागण्यासाठी समित्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या त्यांचे ऋण फेडण्याची हीच रीत आहे. येत्या वर्षी वर्गणीच्या पावतीपुस्तकाबरोबर नमुना ६ चे अर्जही घेऊन आम्ही घरोघर येणार आहोत. दार उघडावे, ही विनंती.

अभ्यासासाठी प्रश्न

१. निरक्षरांना मत नको या आक्षेपाला बाबासाहेबांनी काय उत्तर दिले?
२. चार अगति कोणत्या? आपल्या वस्तीतील मागील निवडणुकीत त्यांपैकी कोणती अधिक दिसली?
३. राजकारणातला रस आणि पुढाऱ्याची चाकरी यांतील फरक उदाहरणासह सांगा.
४. आपल्या घरातील अठरा वर्षांवरील प्रत्येकाचे नाव मतदार यादीत आहे काय? पाहून पुढील रविवारी सांगा.