काचेआधी कट्टा बघा

घराच्या स्लॅबमध्ये स्कायलाइट करायचा म्हटलं की सगळी चर्चा काचेची होते. निळसर घ्यायची की पांढरी, सिंगल की डबल, किती जाडीची. गळती मात्र काचेतून क्वचितच होते. काच ज्या कट्ट्यावर टेकते, त्या कट्ट्यातून पाणी आत येतं. पुण्यात कोथरूडच्या आमच्या घरात हे फार जवळून बघायला मिळालं, म्हणून लिहिते आहे.

बंगला आम्ही घेतला तेव्हाच जुना होता. जिन्यावर आधीच्या मालकांनी तीन फूट चौरस झरोका करून घेतलेला. दिवसा जिन्यात दिवा लावावा लागत नाही, याचंच आम्हाला अप्रूप. जूनमध्ये पाऊस लागला आणि ओल आली ती जिन्यात नव्हे, पलीकडे देवघराच्या छतात, झरोक्यापासून चांगली चार-पाच फूट लांब. प्लंबरने पाइपवर संशय घेऊन भिंत फोडली. पाइप कोरडा ठणठणीत. पाणी कट्ट्याच्या बुडातून कोब्यात शिरत होतं, विटांच्या तुकड्यांमधून स्लॅबवर पसरत होतं आणि जिथे स्लॅबला बारीक चीर होती तिथून खाली उतरत होतं. डाग आहे तिथेच भोक असेल असं धरून कुणी तोडफोड सुरू करू लागला, तर त्याला थांबवा.

आधी पाण्याची परीक्षा घ्या, आणि तीही खालून वर. गच्चीची पन्हाळी बंद करून कट्ट्याभोवती दोन-तीन इंच पाणी साचू द्या, एक दिवस तसंच राहू द्या. खाली काही आलं नाही, तरच कट्ट्याच्या उभ्या बाजूंवर पाइपने पाणी सोडा, एका वेळी एकच बाजू. मग काच आणि फ्रेमचा सांधा. काच सगळ्यात शेवटी. खाली एकाने बॅटरी घेऊन उभं राहायचं. घाईने एकदम सगळीकडे पाणी मारलं तर गळतं एवढंच कळतं, कुठून ते कळत नाही. आमच्याकडे नुसत्या साचलेल्या पाण्यानेच छत ओलं झालं. काच निर्दोष होती.

त्याआधी एक कारागीर येऊन त्या निर्दोष काचेच्या चारी बाजूंना सिलिकॉन फासून गेला होता. घरभर व्हिनेगरसारखा आंबट वास. हा वास येणारं सिलिकॉन काचेला ठीक, पण सिमेंटला नीट धरत नाही. सिमेंटसाठी न्यूट्रल प्रकारचं मागावं लागतं. तेही शेवटचा आधार म्हणूनच वापरावं. पाणी उतारानं, उंचीनं आणि एकावर एक चढलेल्या कडांनी अडवायचं असतं. ज्या झरोक्याची सगळी भिस्त चिकटवलेल्या पट्टीवर आहे, तो दोन-चार उन्हाळ्यांनी गळणार हे धरून चाला.

कोबा उकरला तेव्हा खरं कारण दिसलं. कट्टा नऊ इंच होता, पण उघड्या स्लॅबपासून मोजलेला. त्यावर उताराचा कोबा आणि चायना मोझॅक चढल्यावर जेमतेम चार इंच उरला. शेजारच्या झाडाची पानं पन्हाळीत अडकली की पाणी कट्ट्याच्या माथ्याजवळ पोचायचं. शिवाय कट्टा विटांचा, आणि वॉटरप्रूफिंग त्याच्या पायाशीच संपलेलं. कोपऱ्याला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारलेला नव्हता, त्यामुळे काटकोनात चीर पडलेली.

म्हणून कंत्राटदाराशी बोलताना उंची तयार गच्चीपासून मोजून मागा: कोबा, फरशी सगळं झाल्यावर किमान एक फूट. कट्टा काँक्रीटचा, सळ्या स्लॅबमध्ये अडकवलेला. वॉटरप्रूफिंगचा थर वाट्यावरून चढून कट्ट्याच्या माथ्यापर्यंत गेलाच पाहिजे. वरची फ्रेम डब्याच्या झाकणासारखी बाहेरून दोन इंच खाली उतरलेली हवी. काचेला पंधरा अंशांच्या आसपास उतार द्या, नाहीतर धूळ आणि पाणी खालच्या कडेला बसून राहतं. आणि जागा निवडताना गच्चीचा उतार बघा. पाणी पन्हाळीकडे जाण्याच्या वाटेवर झरोका नको, उंच बाजूला हवा.

कडेवर कड चढवून पाणी अडवण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर, घाटावरही पोचली. त्याच साच्याचं काचेचं कौल मधेच बसवलं की माजघरात उजेड. कौलावर कौल चढतं, चिकटवायला काहीही लागत नाही. पेठांतल्या वाड्यांनी तर पाणी अडवलंच नाही. विश्रामबागवाड्याच्या चौकात उभं राहा: उजेड वरून येतो, पाऊसही येतो, आणि फरशीचा उतार त्याला बाहेर नेतो.

आता ऊन. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आडवी काच म्हणजे उन्हाळाभर खोलीत भट्टी. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे आडव्या काचेपेक्षा उभी काच चांगली: कट्टा दोन-अडीच फूट उंच घ्यायचा, वर छोटा स्लॅब, थोडा छज्जा बाहेर, आणि उत्तरेच्या बाजूला खिडकी. मुंबईच्या गिरणगावात करवतीच्या दात्यांसारखी छपरं होती, त्यांच्या काचा उत्तरेकडे होत्या त्या याचसाठी. पावसाळी वारा इथे पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तेव्हा उत्तरेच्या काचेला झोडही कमी बसते. आम्ही अखेर हेच केलं.

आडवीच हवी असेल तर टफन्ड आणि लॅमिनेटेड अशी दोन्ही गुणांची घ्या. वळवाच्या गारा पडतात, वरच्या गॅलरीतून कुंडी पडते. नुसती टफन्ड फुटली की सगळी खाली येते. लॅमिनेटेड फुटूनही मधल्या थराला चिकटून राहते. पॉलिकार्बोनेट स्वस्त आणि हलकं आहे, पण बहुतेक शीटना उन्हापासून वाचवणारा थर एकाच बाजूला असतो. शीटवर चिकटवलेल्या फिल्मवर ती बाजू छापलेली असते. ती वर आहे ना, हे फिल्म काढण्याआधी स्वतः बघा, नाहीतर शीट लवकरच पिवळी पडते. दोन मीटरची शीट थंडी-उन्हात पाच-सहा मिलिमीटर लांबते-आखडते. स्क्रूची भोकं मोठी नसतील तर तिथेच तडकते. शिवाय पावसात तिचा आवाज फार.

तयार स्लॅब कापायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय एक इंचही कापू नका. फ्लॅट असेल तर गच्ची सोसायटीची असते, लेखी परवानगी आधी. काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे होळीपर्यंत कोबा मुरतो आणि परीक्षेला वेळ मिळतो. मेमध्ये सुरू केलेलं काम पावसाच्या धाकाने उरकलं जातं. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावर द्यायचा, हे आधीच लिहून ठेवा.

आणि डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसताना बाथरूमवरच्या काचेतून थेंब पडू लागले, तर कारागिराला बोलावू नका. रात्री पुण्याचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि अंघोळीची वाफ थंड काचेवर जमते. तिथे दुहेरी काच घ्या, बाजूला वाफ जायला जाळी ठेवा.