एक अवजार, अनेक नावे

मुलांनो, स्क्रू फिरवण्याच्या अवजाराला तुम्ही उर्दूत 'पेचकश' म्हणता. 'पेच' हा फारसी शब्द मराठीतही आला आहे. म्हणून मराठी कारागीर 'पेचकस' म्हणतो. गुजराती कारागीर त्यालाच 'डिसमिस' म्हणतो. इंग्रजीत तो स्क्रू ड्रायव्हर. अवजार एक, नावे अनेक!

कधी कधी याच्या उलट घडते. नाव एक, पण वस्तू दोन! लोखंड घासण्याच्या अवजाराला उर्दूत 'रेती' म्हणतात. मराठीत त्याला 'कानस' म्हणतात. मराठीत 'रेती' म्हणजे वाळू. तुम्ही मराठी मदतनिसाला "रेती आण" असे सांगितले, तर तो घमेले भरून वाळू आणील!

घरी अशी गंमत झाली तर आपण हसू. विमानाच्या दुरुस्तीत मात्र असा घोटाळा चालत नाही. आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यात निरनिराळ्या भाषा बोलणारे कामगार असतात. नट आवळण्याच्या अवजाराला मराठीत 'पाना' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'स्पॅनर' आणि अमेरिकेत 'रेंच'. बोलताना कोणतेही नाव चालेल. पण काम करताना विमानाच्या माहितीपुस्तकात दिलेले अवजारच घ्यावे लागते.

प्रत्येक अवजाराचे काम ठरलेले असते. नट किती जोराने आवळायचा, हे 'टॉर्क रेंच' नावाच्या पान्याने कळते. नट सैल राहिला तर हादऱ्यांनी निघतो; फार आवळला तर बोल्ट तुटू शकतो. काही बोल्टना बारीक तार पिळून बांधतात. त्यासाठी खास पक्कड असते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लोखंडी हातोडी मारली तर पोचा पडतो. म्हणून तेथे मऊ तोंडाची हातोडी वापरतात.

काम संपले की अवजारे मोजतात. फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती काढलेली असते. एखादी आकृती रिकामी दिसली, की अवजार परत आले नाही हे लगेच समजते.

ही मोजणी किती महत्त्वाची आहे, ते पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे ऑस्ट्रेलियाच्या एका मोठ्या प्रवासी विमानाची तपासणी झाली. इंजिनाचा आतला भाग फिरवण्याचे सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे अवजार इंजिनातच राहिले. अवजार सापडत नाही हे लक्षात आले होते. तरीही विमान सोडण्यात आले. त्या विमानाने ३४ उड्डाणे केली. ते २९४ तास आकाशात होते! १ जानेवारी २०२४ रोजी ते अवजार सापडले. सुदैवाने अपघात झाला नाही.

मुलांनो, अवजाराला पेचकश म्हणा किंवा डिसमिस म्हणा. पण काम झाल्यावर ते मोजून जागेवर ठेवा. एखादे हरवले तर लपवू नका, लगेच सांगा. त्यावर कितीतरी माणसांचे प्राण अवलंबून असतात.

शब्दार्थ
अवजार – काम करण्याचे साधन
आवळणे – घट्ट करणे
पोचा – मार लागून पडलेला खड्डा
घमेले – माती, वाळू वाहण्याचे पसरट भांडे

स्वाध्याय
१. 'रेती' या शब्दाचे उर्दूत व मराठीत कोणते अर्थ आहेत?
२. फळीवर अवजारांच्या आकृत्या का काढतात?
३. तुमच्या घरातील पाच अवजारांची उर्दू व मराठी नावे लिहा.