कोंबड्यांना प्रतिजैविके देताना मात्रेचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यात जोडधंदा म्हणून कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यास मोठी धास्ती असते ती मरतुकीची. सकाळी चार-दोन पक्षी मान वाकडी करून पडलेले दिसताच तो औषधविक्रेत्याकडे धावतो आणि प्रतिजैविकाची पुडी आणून पाण्यात कालवतो. परंतु मान मुरगळणे हे पुष्कळदा मानमोडीचे, म्हणजे राणीखेत रोगाचे, लक्षण असते. हा रोग विषाणूंमुळे होतो. प्रतिजैविके काम करतात ती जिवाणूंवर. साहजिकच पैसा जातो व मरतूकही थांबत नाही. या रोगास वेळेवर टोचलेली किंवा पाजलेली लस हाच आधार होय. म्हणून मेलेला पक्षी उकिरड्यावर न फेकता बंद पिशवीतून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा व शवविच्छेदन करून घ्यावे.

रोग जिवाणूजन्य ठरला आणि पशुवैद्यकाने औषध लिहून दिले, तरी मात्रेत चूक होतेच. 'लिटरला एक चमचा' हे माप सोयीचे खरे, पण भरवशाचे नव्हे. उन्हाळ्यात कोंबडी थंडीच्या मानाने कितीतरी अधिक पाणी पिते. त्यामुळे तेच माप अधिक पडते. आजारी पक्षी पाणी कमी पितो. त्याला ते अपुरे पडते. यास्तव मात्रा वजनावर काढावी. समजा, ५०० पक्षी आहेत व सरासरी वजन १२०० ग्रॅम आहे. एकूण वजन ६०० किलो झाले. पशुवैद्यकाने किलोमागे २० मिलिग्रॅम औषध सांगितले असल्यास दिवसाला १२ ग्रॅम औषध लागेल. पुडीत मूळ औषध शेकडा २० असेल, तर पूड ६० ग्रॅम घ्यावी. सरासरी वजनासाठी शेडच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील पक्षी तोलावेत; हाताशी येणारे तेवढेच धरले तर ते बहुधा अशक्तच निघतात. टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे जड पाण्यातील चुन्याच्या क्षारांशी बांधली जाऊन निष्प्रभ होतात, हे बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी पक्षी टवटवीत दिसले म्हणून औषध बंद करणे घातक आहे. अर्धवट मात्रेतून वाचलेले चिवट जिवाणू वाढतात व पुढील तुकडीत तेच औषध लागू पडत नाही. असे जिवाणू माणसापर्यंतही पोहोचतात. याच कारणास्तव माणसाच्या गंभीर आजारात अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनचा कोंबड्यांसाठी वापर केंद्र शासनाने २०१९ साली बंद केला.

औषध थांबल्यावरही त्याचा अंश मांसात व अंड्यांत काही काळ राहतो. किती दिवस थांबावे हे वेष्टनावर लिहिलेले असते. तसे नसल्यास, २०१२ च्या नियमानुसार, अंड्यांसाठी किमान ७ दिवस व मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत. मांसल पक्षी साधारणतः सहा आठवड्यांतच विक्रीस जातो. तेव्हा अखेरच्या पंधरवड्यात औषध सुरू करण्यापूर्वी विक्रीची तारीख पशुवैद्यकास अवश्य सांगावी. औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या दिवसाची तारीख शेडच्या दाराशी टांगलेल्या वहीत लिहावी. व्यापारी दारात उभा राहिल्यावर ती आठवत नाही.